फी माफ झाली, पण खोलीभाडं कोण भरणार? ऊसतोड कुटुंबातल्या पोरांच्या शिष्यवृत्तीचं गणित

पाथर्डी : दसरा झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. कोयते कारखान्याकडे निघतात, ते परत येतात मार्च-एप्रिललाच. अशा घरातली पोरगी बारावी होऊन नगरला किंवा पुण्याला कॉलेजात गेली, तर तिचा खर्च कशावर चालतो? कागदावर उत्तर आहे शिष्यवृत्ती. बऱ्याच घरांत खरं उत्तर आहे मुकादमाची उचल.

फीचा भार बराच हलका झालाय, हे मान्य केलं पाहिजे. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण व परीक्षा फी माफ आहे. अनुसूचित जाती, भटक्या जमातींसाठी महाडीबीटीवर वेगळ्या योजना आहेत. पण खोली, मेस, एसटी याला रोख पैसा लागतो, आणि तो जुलैतच लागतो.

त्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या ओबीसी, भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना पुण्या-मुंबईत वर्षाला 60 हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार रुपये मिळतात. अनुसूचित जातींसाठी अशीच स्वाधार योजना आहे. 43 हजार म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास. काटकसरीने भागू शकतं. मात्र 'आधार'चा कोटा जिल्ह्याला 600 विद्यार्थ्यांचा. नगरसारख्या 14 तालुक्यांच्या जिल्ह्याला तो किती पुरणार?

त्याहून मोठी अडचण वेळेची. हप्ता वर्ष सरत आल्यावर पडतो, ही विद्यार्थ्यांची कायमची तक्रार. मुकादम मात्र पावसाळ्यातच पैसे हातावर ठेवतो. मग बाप पोरीच्या खोलीसाठी जास्तीची उचल घेतो आणि ती फेडायला घरातला आणखी एक जण फडात उतरतो. कधी तो धाकटा भाऊही असतो. म्हणजे उशिरा आलेली शिष्यवृत्ती एकाला शिकवते आणि दुसऱ्याची शाळा सोडवू शकते.

युद्धामुळे देश सोडलेल्या निर्वासितांचा अनुभवही हेच सांगतो. जगातल्या निर्वासित तरुणांपैकी 2019 मध्ये जेमतेम 3 टक्के उच्च शिक्षणापर्यंत पोचत होते, 2023 पर्यंत ते 7 टक्क्यांवर गेले. त्यांच्यासाठी जर्मनीच्या मदतीने 1992 पासून चालणाऱ्या 'डाफी' शिष्यवृत्तीत फीबरोबर राहणं, पुस्तकं आणि प्रवासाचाही खर्च धरलेला असतो. आपल्याकडचा ऊसतोड कामगार निर्वासित नाही, त्याचं घर-गाव शाबूत आहे. पण वर्षातले पाच-सहा महिने तोही कोपीतच राहतो.

सरकारने 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं ठरली, पहिल्या टप्प्यात आपल्या जिल्ह्यातले पाथर्डी आणि जामखेड हे तालुके होते. खर्चासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये आणि तेवढेच सरकारचे, असं ठरलं. याच पैशातून कॉलेजच्या पोरांना जुलैमध्ये पहिला हप्ता आगाऊ देता आला, तर मुकादमाकडे जायची वेळ काही घरांवर तरी येणार नाही. हा विषय आमदारांपुढे मांडायला हरकत नाही.

तोवर पालकांनी एक काम गाव सोडण्याआधी उरकावं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर काढून पोराच्या हातात द्यावेत आणि त्याचं बँक खातं आधारशी जोडलंय का, हे बँकेत जाऊन बघावं. नाहीतर अर्जात त्रुटी निघते तेव्हा आई-बाप कोल्हापूरच्या फडात असतात आणि पोरगं तहसीलच्या दारात.