आधीच सोसलेल्यांनी कबुली का द्यावी?

‘आधीच सगळे आपल्याकडे बोट दाखवतात. त्यात आपणच आपल्या चुका चव्हाट्यावर मांडायच्या?’ हे वाक्य तुम्ही घरी ऐकलं असेल, जमातीच्या बैठकीत ऐकलं असेल, कदाचित स्वतःही म्हटलं असेल. मी तर म्हटलं आहे. ही निव्वळ पळवाट असते असं मला वाटत नाही. ज्याच्याकडे रोज संशयाने पाहिलं जातं त्याच्या तोंडून हे वाक्य येतं आणि त्यामागची भीती खरी असते. म्हणूनच अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची गोष्ट सांगावीशी वाटली. व्हॅटिकन किंवा इंग्लंडचं चर्च आपल्या इतिहासाबद्दल खेद व्यक्त करतं तेव्हा त्यांच्या पाठीशी शतकांची सत्ता असते. मॉर्मन मात्र स्वतः मार खाल्लेले लोक होते.

जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. आठच वर्षांत मिसूरीच्या गव्हर्नरने लेखी हुकूम काढला की मॉर्मनांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर नेस्तनाबूत करा. तीन दिवसांनी हॉन्स मिल या त्यांच्या छोट्या वस्तीवर हल्ला झाला. १७ जण मारले गेले, त्यात दहा वर्षांचा एक मुलगा होता. १८४४ मध्ये इलिनॉयच्या तुरुंगात घुसून जमावाने खुद्द जोसेफ स्मिथ यांना गोळ्या घातल्या. उरलेले लोक ब्रिगहॅम यंग यांच्या मागे पश्चिमेला निघाले आणि १८४७ मध्ये युटाच्या ओसाड भागात जाऊन राहिले. मिसूरीचा तो हुकूम औपचारिकरीत्या रद्द झाला तो थेट १९७६ मध्ये.

ही कहाणी प्रत्येक मॉर्मन मुलाला शिकवली जाते आणि ती खरी आहे. पण तिच्यात एक पान बराच काळ नव्हतं.

१८५७ मध्ये अमेरिकी सरकारने युटाकडे सैन्य रवाना केलं. पुन्हा तेच होणार, पुन्हा घरं जळणार, अशी हवा पसरली. नेमक्या त्याच वेळी आर्कान्सामधली काही कुटुंबं गुरंढोरं घेऊन कॅलिफोर्नियाला निघाली होती. दक्षिण युटातल्या माउंटन मेडोज या कुरणात त्यांचा तळ पडला. स्थानिक मॉर्मन पुढाऱ्यांनी त्यांना शत्रू ठरवलं आणि काही पायूट आदिवासींना हाताशी धरून हल्ला केला. वेढा पाच दिवस चालला. शुक्रवारी, ११ सप्टेंबरला, पांढरं निशाण घेऊन जॉन ली तळावर गेला. शस्त्रं खाली ठेवा, आम्ही तुम्हाला सुखरूप बाहेर काढतो, असा शब्द त्याने दिला. लोक विश्वासाने बाहेर आले आणि सुमारे १२० माणसं कापली गेली. सहा वर्षांपर्यंतची १७ मुलं तेवढी जिवंत ठेवली, ती काही सांगू शकणार नाहीत म्हणून. त्यांना जाऊ द्या, असा ब्रिगहॅम यंग यांचा निरोप घोडेस्वार घेऊन आला तोवर दोन दिवस उलटले होते.

पुढे जे झालं ते तुम्हाला ओळखीचं वाटेल. पहिल्यांदा सगळा दोष पायूटांवर टाकला गेला. ते गरीब, त्यांचं कोण ऐकणार? ते पुरेनासं झालं तेव्हा एकट्या लीवर. १८७७ मध्ये त्याला त्याच कुरणात नेऊन गोळ्या घातल्या. हल्ल्यात डझनावारी माणसं होती, शिक्षा एकाला झाली. त्यानंतर गावागावांत लोक गप्प बसले.

ही शांतता मोडली ती चर्चमधल्याच एका बाईने. जुआनिता ब्रुक्स या दक्षिण युटातल्या शिक्षिका, मुलाबाळांच्या संसारातल्या, श्रद्धाळू. तरुणपणी त्या नेवाडातल्या एका खेड्यात शिकवत असताना एक म्हातारा त्यांच्याकडे आला. मरण्याआधी मला काही लिहवून घ्यायचं आहे, म्हणाला. यांना वेळ झाला नाही. पुढे तो अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा त्या गेल्या, तर तो भ्रमात ‘रक्त, रक्त’ असं ओरडत होता. तो माउंटन मेडोजला हजर होता, हे त्यांना तिथे समजलं. ते न लिहिलेलं बयान त्यांच्या मनातून गेलं नाही. १९५० मध्ये त्यांचं पुस्तक स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलं. चर्चच्या कपाटातली साक्षीदारांची बयानं त्यांनी मागितली होती, ती मिळाली नाहीत. अनेकांनी त्यांना फितूर ठरवलं. त्या चर्च सोडून गेल्या नाहीत.

१९९९ मध्ये चर्चचे अध्यक्ष गॉर्डन हिंक्ली यांनी माउंटन मेडोजला नवं स्मारक उभारलं. पण याचा अर्थ चर्चने आपला सहभाग मान्य केला असा काढू नका, असंही त्यांनी तिथेच बजावलं. वकिलाच्या सल्ल्याने घातलेलं कलम असावं तसं ते वाक्य आहे. आठ वर्षांनी, घटनेला दीडशे वर्षं झाली त्या दिवशी, हेन्री आयरिंग यांनी चर्चच्या वतीने त्याच जागी वेगळी भाषा वापरली. जबाबदारी स्थानिक चर्च पुढाऱ्यांची आणि त्यांच्या हुकुमाने वागलेल्या सदस्यांची होती, हे सांगितलं आणि तीव्र खेद व्यक्त केला. पायूटांवर इतकी वर्षं अन्यायाने मुख्य दोष लादला गेला, याबद्दल स्वतंत्र खेद व्यक्त केला. मला हे दुसरं वाक्य जास्त मोलाचं वाटतं. ‘माफी’ हा शब्द मात्र त्यांनी वापरला नाही, आणि त्यावर तेव्हाच चर्चा झाली. २००८ मध्ये चर्चशी संबंधित तीन इतिहासकारांचं पुस्तक ऑक्सफर्डने छापलं. ब्रुक्स यांना नाकारलेले कागद त्यात वापरले होते.

मग इंटरनेट आलं. तरुण मॉर्मनांना फोनवर एका रात्रीत ते सगळं सापडू लागलं जे रविवारच्या वर्गात कधी सांगितलं नव्हतं. जोसेफ स्मिथ यांच्या ३० ते ४० बायका, काळ्या पुरुषांना १९७८ पर्यंत नाकारलेलं पुरोहितपद, टोपीत दगड ठेवून त्यात पाहत केलेलं धर्मग्रंथाचं भाषांतर. स्वीडनमधले चर्चचे एक वरिष्ठ पदाधिकारी २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सशी बोलले. लोकांचे प्रश्न ऐकून त्यांनी स्वतः शोध घेतला, आणि त्यांचाच विश्वास डळमळला होता. त्याच वर्षाच्या अखेरीपासून चर्चने आपल्या संकेतस्थळावर या विषयांवर डझनभर लेख टाकले. काळी त्वचा ही शापाची खूण, ही जुनी शिकवण त्यात स्पष्ट नाकारली आहे. एका लेखात माउंटन मेडोजही आहे.

या लेखांनी काही जण बाहेर पडले, हे खरं. इतकी वर्षं का नाही सांगितलं, हा त्यांचा राग होता. पण चर्च कोसळलं नाही. त्यांच्या स्वतःच्या नोंदीनुसार सदस्य आज १ कोटी ७० लाखांवर आहेत. आणि विरोधकांच्या हाती हत्यार जाईल, या भीतीचं म्हणाल तर ते हत्यार त्यांच्या हाती आधीच होतं. पांढऱ्या निशाणाची गोष्ट अमेरिकेत १८५७ पासून सांगितली जात होती. ती फक्त मॉर्मनांच्या घरात सांगितली जात नव्हती.

माझी तक्रार वेगळी आहे. त्या लेखांखाली कुणाचंही नाव नव्हतं. ते गाजावाजा न करता संकेतस्थळावर टाकले गेले, आणि रविवारच्या प्रवचनात त्यांचा उल्लेख क्वचितच झाला. ज्या आजोबांनी नातवाला अर्धीच कहाणी सांगितली, त्यांच्यापर्यंत ते पोचले असतील का? ब्रुक्स यांना ते वाचायला मिळाले नाहीत, त्या १९८९ मध्येच गेल्या. त्यांचं पुस्तक त्यांच्या नावानिशी, त्यांच्याच गावातल्या शेजाऱ्यांच्या आजोबांची नावं घेऊन निघालं होतं, आणि त्या तरीही दर रविवारी त्याच शेजाऱ्यांच्यात जाऊन बसत होत्या.