गव्हाची बाजू

अमेरिकेत, केंटकीतल्या लुईव्हिलला आमच्या साडूंच्या घरी बर्बन व्हिस्कीच्या दोन बाटल्या कायम असतात. एक ओट्यावर, तेलाच्या बरणीशेजारी, नेहमी अर्धी झालेली. ती मेकर्स मार्क, तीस डॉलरच्या आसपासची. दुसरी दिवाणखान्यातल्या कपाटात, काचेआड, सील न फोडलेली. ती बारा वर्षं मुरलेली वेलर. तिच्यासाठी त्यांनी एका दुकानात १८० डॉलर मोजले, आणि मोजताना आपण फसतोय हे आपल्याला ठाऊक होतं असं ते स्वतःच सांगतात. घरी येणारे पाहुणे ओट्यावरच्या बाटलीकडे बघून म्हणतात, "ही गोडसर, मऊ. नवशिक्यांची." मग कपाटाकडे वळतात आणि देवळात शिरल्यासारखा आवाज खाली आणतात, "किती मऊ असते ना ही!"

ओट्यावर जो दोष, तोच कपाटात साक्षात्कार. आणि हे म्हणणारी माणसं तीच, संध्याकाळही तीच.

दोन्ही बाटल्यांत रायच्या जागी गहू आहे. (राय म्हणजे आपली मोहरी नव्हे. ते गहू-जवाच्या गोतावळ्यातलं, थंड मुलखात पिकणारं धान्य.) अमेरिकी कायदा बर्बनमध्ये मका किमान ५१ टक्के मागतो. पिंप ओकचं, नवंकोरं आणि आतून जाळून कोळसलेलं हवं. भट्टीतून उतरताना तीव्रता ८० टक्क्यांच्या वर नको, पिंपात भरताना ६२.५ च्या वर नको, आणि रंग किंवा स्वाद बाहेरून अजिबात घालायचा नाही. मक्याच्या सोबतीला थोडं मोड आणलेलं जव असतं, पिठुळाची साखर व्हावी म्हणून. तिसरं धान्य बहुतेक घरांत राय असतं, मोजक्या घरांत गहू. मेकर्स मार्कचं प्रमाण ७० टक्के मका, १६ गहू, १४ जव. हेवन हिल या उत्पादकाच्या लार्सेनी आणि ओल्ड फिट्झजेराल्डचं ६८, २० आणि १२. म्हणजे ज्याच्यावरून एवढं रण माजतं तो गहू शंभरात सोळा, फार तर वीस.

आता पहिला आक्षेप, तोही शत्रूचा नव्हे, मित्रांचा. गव्हाचे चाहतेच सांगत सुटतात की गहू गोड, म्हणून ही दारू गोड. हे साफ चूक आहे. धान्यातून निघालेली साखर यीस्ट खाऊन टाकतं, आणि तळाशी उरलीसुरली असेल ती वाफेबरोबर वर चढत नाही. भट्टीतून जे टपकतं त्यात गोडवा नसतो, मग धान्य गहू असो की राय. जिभेला गोड वाटतं ते पिंपाचं देणं आहे. जाळलेल्या ओकमधून व्हॅनिला येतो, कॅरमेल येतं, सुक्या खोबऱ्याची आठवण करून देणारा एक वास येतो. हे सगळं राय घातलेल्या बर्बनमध्येही तितकंच असतं. फक्त तिथे मिरी, लवंग, पुदिना अशी मंडळी दारात उभी असतात आणि आतलं नीट दिसू देत नाहीत. गहू दारातून बाजूला होतो. त्याचं कर्तृत्व म्हणाल तर एवढंच.

याच गोडव्याच्या समजुतीतून ती प्रसिद्ध पावाची गोष्ट जगते. मेकर्स मार्कचे जनक बिल सॅम्युअल्स यांनी १९५३ मध्ये लोरेटोजवळची एक जुनी भट्टी विकत घेतली. घराण्याची जुनी कृती त्यांना नको होती. पण प्रत्येक नवी कृती पिंपात मुरवून चाखायची तर जन्म गेला असता, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या धान्यांचे पाव भाजले आणि गव्हाचा सगळ्यात चविष्ट लागला, अशी ती कथा. गोष्ट रसाळ आहे, मीही पाहुण्यांना सांगतो. पण ओव्हनमधून निघालेला पाव आणि अनेक उन्हाळे पिंपात काढलेली दारू यांचं नातं जोडायला बरीच श्रद्धा लागते. लुईव्हिलच्या शाइव्हली भागात स्टिट्झेल-वेलरची भट्टी १९३५ पासून गव्हाचंच बर्बन काढत होती, आणि तिचे चालक ज्युलियन व्हॅन विंकल, म्हणजेच पॅपी, सॅम्युअल्स यांचे मित्र होते. पुढ्यात असं ताट वाढलेलं असताना पाव भाजायची गरज किती उरते, ते वाचकांनीच बघावं.

दुसरा आक्षेप कट्टर रायवाल्यांचा. गव्हाची म्हणजे बुळबुळीत, कणा नसलेली, पाणी घातल्यासारखी. इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते. तीव्रता हा पाण्याचा हिशेब आहे, धान्याचा नाही. लार्सेनीची एक आवृत्ती पिंपातून निघते तशी, पाणी न घालता, बाटलीत भरतात. विल्यम लारू वेलर हे तर दर शरदात निघणारं, कित्येकदा साठ टक्क्यांच्या वरचं प्रकरण. त्याचा एक घोट बेसावधपणे घ्या आणि मग कण्याविषयी बोलू. मेकर्स मार्क मऊ लागते त्यालाही एकटा गहू जबाबदार नाही. कायदा ६२.५ टक्क्यांपर्यंत मुभा देत असताना तिथे दारू ५५ टक्क्यांनाच पिंपात घालतात. मग बाटलीत भरताना पाणी कमी लागतं आणि पिंपाचं देणं तितकं पातळ होत नाही. उत्पादकाला हे महाग पडतं, कारण तेवढ्याच मालाला पिंपं जास्त लागतात. लेबलावर याचा गाजावाजा नसतो, पण माझ्या मते गव्हाइतकंच श्रेय या आकड्याला आहे.

मऊपणाची खरी बाजू मला स्वयंपाकघरातून समजली. फोडणीच्या वरणात डाळ थोडी जुनी असली, शिजायला थोडी कमी पडली, तरी मोहरी, लसूण, लाल मिरची ते निभावून नेतात. साध्या वरणात डाळ, हिंग, हळद, मीठ आणि वरून तूप एवढंच. डाळ जुनी असेल तर पहिल्या घासाला कळतं. तूप बाजारचं असेल तर त्याआधी. गव्हाचं बर्बन हे साधं वरण आहे. पिंप कच्चं असेल, मुरणं अपुरं असेल, तर लपायला जागा नाही, आणि साधलं असेल तर मक्याचं तेलकट अंग आणि ओकचा वास मधे कुणी न येता थेट जिभेवर उतरतात. नवशिक्याला हे आवडतं हे खरंच. साधं वरण बाळालाही आवडतं, म्हणून ते बाळाचंच अन्न ठरत नाही.

रायवाल्यांचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. मॅनहॅटनसारख्या मिश्रणात गव्हाचं बर्बन हरवतं. गोड व्हर्मूथ त्याच्या उरावर बसतो, आणि तिथे रायचा झणका हवाच. ज्याला दारू मिसळूनच प्यायची आहे त्यानं गव्हाच्या वाटेला जाऊ नये, त्याचे पैसे वाचतील.

आणि एक कबुली माझीही. गेल्या खेपेला साडूंनी चार सारखे पेले मांडले, बाटल्या खाकी पिशव्यांत गुंडाळल्या आणि वहिनींना पेले भरायला सांगितले. मेकर्स मार्क, लार्सेनी, वेलर स्पेशल रिझर्व्ह आणि चौथी रायची बफेलो ट्रेस. तिघींची तीव्रता ४५ टक्के, लार्सेनीची ४६, म्हणजे सामना बरोबरीचा. चखण्याला मुद्दाम काही ठेवलं नव्हतं, फक्त पाणी. मी दुसरा पेला हुंगला, घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि छाती पुढे काढून म्हणालो, "हा गहू. शंभर टक्के गहू." ती निघाली बफेलो ट्रेस. साडूंनी तोंडाला रुमाल लावला, तो हसू दाबायला हे मला कळलं. तिच्यात रायचं प्रमाण कमी मानलं जातं, अशी माझी मी समजूत घातली. पण धडा मिळाला तो मिळालाच. गहू आणि राय यांच्यात भिंत नाही, बांध आहे, आणि चांगलं पिंप तो बांध सहज ओलांडतं. त्याच बैठकीत साडूंनी पहिला क्रमांक दिला तो ओट्यावरच्या बाटलीला.

इथून वाद चवीचा राहत नाही, पैशाचा होतो, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे.

पॅपी व्हॅन विंकल हे नाव आज गव्हाच्या बर्बनचं देवस्थान झालं आहे. खुद्द पॅपी १९६५ मध्ये वारले, भट्टी १९७२ मध्ये घराण्याच्या हातून गेली आणि १९९२ मध्ये थंड पडली. १९९० च्या दशकात वीस वर्षांच्या बाटलीला शिकागोच्या एका चाचणी संस्थेनं १०० पैकी ९९ गुण दिले आणि नवस बोलणाऱ्यांची रांग लागली. पण ती दंतकथा ज्या मालावर उभी राहिली तो स्टिट्झेल-वेलरचा होता. २००२ पासून व्हॅन विंकल घराण्याची भागीदारी केंटकीतल्याच फ्रँकफर्टच्या बफेलो ट्रेस भट्टीशी आहे. तिथेच वेलरही बनते, आणि दोघींची कृती एकच असल्याचं जाणकार सांगतात. फरक वयाचा आणि पिंप निवडण्याचा. हे बाजाराला कळलं तेव्हा शहाणपण यायला हवं होतं. झालं उलटंच. वेलरला "गरिबांची पॅपी" म्हणू लागले आणि त्या एका नावानं गरिबांची वेलर संपली. वेलर स्पेशल रिझर्व्हची सुचवलेली किंमत पंचवीस-तीस डॉलर. अमेरिकेत दारू बनवणारा वेगळा, वाटणारा वेगळा, विकणारा वेगळा, आणि सुचवलेली किंमत दुकानदारावर सहसा बंधनकारक नसते. पंचवीसची बाटली साठला मिळाली तर गिऱ्हाईक स्वतःलाच शाबासकी देतं.

"लोक एवढे पैसे मोजतात, म्हणजे काहीतरी असणारच," हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. लोक मोजतात ते दुर्मीळपणाचे, चवीचे नव्हेत. २०१३ मध्ये बफेलो ट्रेसमधून पॅपीच्या बाटल्या चोरीला गेल्याचं उघड झालं तेव्हा देशभर बातम्या झाल्या. २०२३ मध्ये ओरेगॉन राज्याच्या मद्य आयोगाचे अधिकारी अशा दुर्मीळ बाटल्या स्वतःसाठी बाजूला काढतात हे बाहेर आलं. पैसे ते पूर्ण भरत होते, घेत होते ते रांगेत पहिलं उभं राहण्याचं सुख. यातून दारूविषयी काहीच सिद्ध होत नाही. आपल्याकडे वशिल्यानं मिळालेल्या सिलिंडरवर भात जास्त मऊ शिजत नसे.

मग वय. तेवीस वर्षं हा आकडा लेबलावर भारदस्त दिसतो. स्कॉच जुन्या, वापरलेल्या पिंपात आणि थंड हवेत मुरते, तिला वीस वर्षं मानवतात. बर्बनचं पिंप नवं, साधारण २०० लिटरचं, आणि केंटकीचा उन्हाळा सणसणीत. लाकूड दर वर्षी काहीतरी देतं आणि दर वर्षी वाफेच्या रूपानं काहीतरी घेतं. विशीच्या पुढे पिंपातला बराचसा माल हवेत गेलेला असतो, आणि जे उरतं त्याला ओकची तुरट मिठी बसते. चहा उकळतच ठेवला तर तो अधिक चहा होत नाही, काढा होतो. गव्हाची कृती म्हातारपण रायपेक्षा बरं सोसते, हे खरं आहे, कारण तिच्यात आधीच तिखटपणा कमी. पण सोसणं वेगळं आणि खुलणं वेगळं. माझ्या जिभेला गव्हाचं बर्बन सहा ते बारा वर्षांत ऐन भरात असतं. लोणचंही एका मुदतीपर्यंतच मुरतं, पुढे ते नुसतं जुनं होतं.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा हिशेब जसाच्या तसा लागू नाही. आपल्याकडची बरीचशी स्वस्त व्हिस्की मुळात उसाच्या मळीच्या मद्यार्कावर उभी आहे, त्यामुळे धान्य कोणतं हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. बर्बनवरचं १५० टक्के आयातशुल्क केंद्रानं फेब्रुवारी २०२५ मध्ये १०० वर आणलं. महाराष्ट्रानं आयात व्हिस्कीवरचं उत्पादन शुल्क २०२१ मध्ये ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं होतं. तरी इथे बाटलीची किंमत म्हणजे बहुतांशी कराची पावती. तिकडची तीस डॉलरची बाटली इकडे तितकी स्वस्त नाही, आणि परदेशातून येणाऱ्या भाच्याला "पॅपी मिळाली तर बघ" असं सांगणाऱ्या मामांना माझं सांगणं आहे की त्याला मेकर्स मार्क किंवा लार्सेनी आणायला सांगा. दोन लिटरच्या करमुक्त मर्यादेत बसेल, आणि तो बिचारा दुकानं धुंडाळत फिरणार नाही.

त्या चाचणीनंतर मी साडूंना विचारलं, "मग कपाटातली कधी फोडताय?"

"यंदा दिवाळीला. तुम्ही या, मग फोडू."

वहिनी पेले विसळत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "गेल्या दिवाळीलाही हेच म्हणाले होते."