खिळे ठोकणाऱ्या हवेची पारख
अमेरिका आणि कॅनडातील बहुतांश घरे लाकडी सांगाड्यावर उभी राहतात, आणि तो सांगाडा जोडताना दाबलेल्या हवेच्या जोरावर सुमारे २ ते साडेतीन इंची खिळे एका फटक्यात ठोकणारी नेल गन सुतारांच्या हाती दिवसभर असते. म्हणून तिचा टिकाऊपणा जोखताना निव्वळ ताकदीचा आकडा अपुरा ठरतो. खिळ्यावर आघात करणारी पोलादी पट्टी, तिचा धक्का झेलणारा रबरी बंपर आणि हवा गळू न देणारी ‘ओ-रिंग’ ही रबरी कडी हे भाग झिजणारच, तेव्हा ते सुटे मिळतात का आणि कामाच्या जागीच बदलता येतात का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा लागतो. मॅग्नेशियमच्या हलक्या कवचाने खांदा वाचतो, हे खरेच, पण गन निवडताना तेवढ्याने भागत नाही. खिळ्यांच्या पट्टीचा कोनही महत्त्वाचा असतो, कारण सुमारे २१ अंशांच्या, प्लॅस्टिकने जोडलेल्या पट्टीत पूर्ण गोल डोक्याचे खिळे असतात, तर ३० ते ३४ अंशांच्या कागदी पट्टीत ते पुष्कळदा कडेला कापलेल्या डोक्याचे असतात, आणि भूकंप वा वादळांच्या प्रदेशांतील काही बांधकाम-नियम अशा खिळ्यांना मज्जाव करतात. शिवाय गनला दाबलेली हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीत साचणारे पाणी नियमित काढले नाही, तर उत्तम गनही आतून गंजते, आणि दोष मात्र बनवणाऱ्यावर ढकलला जातो.