चौरंगाचा चौथा पाय

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरोघरी एक विधी होतो. तो कुठल्याही पोथीत सांगितलेला नाही. चौरंग मांडला की तो डुगडुगतो. मग घरातले कर्ते पुरुष गुडघे टेकून खाली वाकतात, कॅलेंडराच्या जुन्या पानाची घडी करतात आणि ती एका पायाखाली सरकवतात. चौरंग स्वस्थ होतो, तो पुढल्या दिवाळीपर्यंत. कोपऱ्यातली तीन पायांची तिवई मात्र कधी डुगडुगत नाही. जमीन कशीही असो, तिचे तिन्ही पाय टेकतातच. चार पायांचे तसे नाही. त्यांतले तीन टेकतात आणि चौथा कुरबुर करतो.

वाफेच्या इंजिनाविषयी लिहिताना चौरंग कशाला, असे वाचक म्हणतील. पण इंजिन हेही एक बारा-चौदा पायांचे जडशीळ फर्निचरच आहे, आणि त्याची जमीन म्हणजे दोन रूळ. ते दिसतात सरळ, पण कुठे सांधा खचलेला असतो, कुठे खडी बसलेली असते, कुठे पावसाने भराव नरम झालेला असतो. अशा जमिनीवर शंभर टनांचा चौरंग ताशी शंभर किलोमीटर वेगाने पळवायचा, आणि पायाखाली कागदाची घडी घालायला कोणी वाकू शकत नाही! इंजिनाचा धूर, त्याची शिट्टी, त्याचा डौल यांवर पुष्कळांनी लिहिले आहे. मला नेहमी त्याच्या पायांचे कुतूहल वाटत आले.

पायांवर भार किती असावा, इथूनच गुंता सुरू होतो. पोलादी चाक गुळगुळीत, पोलादी रूळही गुळगुळीत. मग चाक जागच्या जागी न फिरता गाडी ओढते कशी? केवळ वजनाच्या दाबाने. रूळ कोरडा आणि स्वच्छ असेल तर ओढणाऱ्या चाकांवरच्या वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका जोर रुळावर लावता येतो. त्यापुढे चाक घसरते. म्हणजे इंजिन जितके जड तितके बरे. पण ते जड झाले की रूळ वाकतो, सांधे तुटतात, पूल कुरकुरतात. १८०४ साली वेल्समध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिक यांचे इंजिन दहा टन लोखंड आणि सत्तर माणसे घेऊन नऊ-दहा मैल चालले. इंजिनाने आपले काम चोख केले; फुटल्या त्या वाटेवरच्या बिडाच्या पट्ट्या. वजन हवेही आणि नकोही, हे भांडण तेव्हापासूनचे.

यावर तोड अशी निघाली, की इंजिनाचे एकूण वजन किती हे विचारू नका, एकेका आसावर किती हे विचारा. आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. बैलगाडीला असतो तोच. दहा टनांचा आस सोसणाऱ्या रुळावर पन्नास टनांचे इंजिनही चालेल, पाच आस देऊन भार सारखा वाटला म्हणजे झाले. ‘सारखा वाटला म्हणजे झाले’ हे लिहायला सोपे आहे. चौरंगाचे भार सारखे वाटता येत नाहीत, हे आपण नुकतेच पाहिले.

अमेरिकेत हा प्रश्न लवकर उभा राहिला, कारण तिथले रूळ घाईने आणि स्वस्तात टाकलेले, त्यामुळे भलतेच ओबडधोबड होते. १८३२ साली जॉन जर्व्हिस यांनी इंजिनाच्या तोंडाखाली चार लहान चाकांचे एक वेगळे गाडे बसवले. ते मधल्या खिळीभोवती वळे आणि इंजिनाला वळणाची वाट दाखवी. यालाच बोगी म्हणतात. (आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, ती गोष्ट निराळी.) पुढे १८३६ साली हेन्री कॅम्पबेल यांनी चार लहान आणि चार मोठी चाके असलेल्या इंजिनाचे पेटंट घेतले. ते जोरकस होते, पण ताठ. ओबडधोबड वाटेवर एखादे चाक अधांतरी राही आणि त्याचा भार शेजाऱ्यावर पडे. १८३८ साली जोसेफ हॅरिसन यांनी त्यावर जो उपाय काढला, त्याला मी या साऱ्या कथेतला सर्वांत देखणा मानतो.

त्यांनी काय केले? एका बाजूची दोन मोठी चाके घेतली आणि त्यांच्यावर तराजूच्या दांडीसारखी एक लोखंडी तरफ आडवी ठेवली. दांडीचे एक टोक पुढच्या चाकाच्या आधारावर, दुसरे मागच्या. आणि इंजिनाचे ओझे दांडीच्या बरोबर मध्यावर. आता गंमत पाहा. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की दांडीचे एक टोक वर जाते, दुसरे जिथल्या तिथे राहते, आणि मध्यावर बसलेले इंजिन निम्मेच उचलले जाते. दोन्ही चाकांवरचा भार मात्र सारखाच राहतो, कारण मध्यावर धरलेल्या तराजूला पक्षपात करता येत नाही. अशी एक दांडी डावीकडे, एक उजवीकडे, आणि पुढे बोगीची मधली खिळी. मोजा बरे: टेकू किती झाले? तीनच! चाके आठ, पण इंजिन बसले तिवईवर. चौरंगाची तिवई करून टाकणारा हा माणूस आमच्या घरी दिवाळीला हवा होता.

इंग्लंडातल्या पुष्कळ कारखान्यांना ही दांडी फारशी मानवली नाही. त्यांचे रूळ चांगले होते, म्हणून ते चाकागणिक स्वतंत्र पाटे बसवून मोकळे होत. पाटे म्हणजे मोटार-ट्रकला असतात तसे एकावर एक पोलादी पट्ट्यांचे. यात भार कुणावर किती हे शेवटी फिटरच्या हातात राही. ऐंशी ओलांडलेले एक जुने फिटर माझ्या परिचयाचे आहेत. मी त्यांना विचारले, “काका, चाकावरचं वजन कमी-जास्त करता येतं म्हणतात, ते कसं हो?”

ते म्हणाले, “अहो, सोपं आहे. इंजिन काट्यावर चढवायचं. प्रत्येक चाकाखाली वेगळा काटा. मग पाट्याच्या टोकाचा नट आवळायचा. इकडे आवळला की ह्या चाकावरचं वजन वाढतं, पण शेजारच्याचं उतरतं. ते बघायला जावं तर तिसरंच बिघडलेलं. सासू-सुनेच्या भांडणात मध्ये पडण्यासारखं काम. घाई केलीत की संपलं!”

एक नट अर्धा फेरा अधिक फिरला, की दोन-चार चाकांचे हिशोब बदलत. पुढे पाट्यातली एखादी पट्टी तडकली की सारे पुन्हा पहिल्यापासून.

आता आपल्या मुलखात येऊ. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे इंग्रज इंजिनियर १८८२ साली जी.आय.पी. रेल्वेत नोकरीला आले. बार्शी हे कापसाच्या व्यापाराचे गाव, पण मुख्य मार्गापासून वीसेक मैल आत. माल बैलगाडीने स्टेशनवर जाई. रुंद रुळांचा फाटा त्या पैशात परवडण्यासारखा नव्हता. कॅलथ्रॉप यांनी हिशोब उलटा मांडला. रेल्वेवर सर्वांत जड वस्तू इंजिन. म्हणून सगळा रूळ इंजिनाच्या मापाने घालावा लागतो, आणि मागून येणाऱ्या हलक्या डब्यांसाठी तो पैसा फुकट जातो. मग इंजिनाचा आस आणि भरलेल्या वाघिणीचा आस सारख्याच भाराचे का करू नयेत? त्यांनी पाच टन हा आकडा धरला. इंजिन असो, मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक नाही. मग अडीच फुटी मार्गाला वाराला तीस पौंडांचा रूळ पुरला. मोठ्या मार्गावरचा रूळ त्याच्या अडीच-तीनपट जड असे.

इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यातून आली. आठ चाके ओढणारी आणि मागे चार चाके भार वाहणारी. म्हणजे सहा आस, सुमारे तीस टन. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, १९०६ साली पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. आषाढीला त्या तीस पौंडी रुळांवरून किती वारकरी विठोबाच्या पायाशी गेले असतील! ते सारे एका पाच टनांच्या आकड्याच्या जिवावर गेले. १९५४ साली सरकारने ही रेल्वे घेतली आणि आता त्या मार्गाचे रूळ रुंद झाले आहेत. जाता जाता सांगतो, याच कॅलथ्रॉप यांनी पुढे विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री तयार केली. भार कशावर टाकायचा, हा विचार त्या माणसाच्या डोक्यातून जाईना असे दिसते.

माथेरानच्या गाडीची पहिली इंजिने त्यांच्याच आराखड्याची. तिथे अडचण भारापेक्षा वळणाची होती. सहा चाके एकमेकांना दांड्यांनी जखडलेली, आणि वळणे केसांच्या पिनेसारखी. म्हणून पुढचा आणि मागचा आस पोकळ केला, त्याच्या पोटात दुसरा भरीव आस घातला आणि दोहोंची गाठ मध्ये गोल सांध्याने मारली. आतला आस सरळ राही, बाहेरचा चाकांसकट वळे. १९०७ साली ही इंजिने नेरळहून डोंगर चढू लागली.

इथवरची गोष्ट ऐकून इंजिनाचे पाय म्हणजे निव्वळ चातुर्याचा खेळ आहे असे वाटेल. तसे नाही. १७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा येथे पंजाब-हावडा एक्स्प्रेस रुळांवरून घसरली आणि शंभराहून अधिक माणसे ठार झाली. गाडीला ‘एक्स-बी’ जातीचे इंजिन होते. चार लहान चाकांची बोगी पुढे, सहा मोठी चाके मध्ये, दोन मागे. ओढणाऱ्या आसावर सतरा टन. खास हिंदुस्थानसाठी आखलेली ही इंजिने भार अगदी नियमात ठेवून बांधलेली होती. मग बिघडले कुठे?

बिघाड आडव्या दिशेचा होता. पुढची बोगी इंजिनाला वाट दाखवते म्हणालो, पण ती नुसती वळून भागत नाही. तिने अंगाला धरून वळवले पाहिजे आणि पुन्हा मध्यावर आणले पाहिजे. त्यासाठी तिला दोन्ही बाजूंनी स्प्रिंगांचा दाब असतो. तो दाब सैल असला म्हणजे हँडल ढिले झालेल्या सायकलीसारखी अवस्था होते. बोगी वळते, अंग वळत नाही, आणि शेवटी पहिल्या मोठ्या चाकाची कड रुळावर आदळून इंजिनाला वळवते. मग ते उलट बाजूला झोकांडी खाते. वेग जितका जास्त, तितकी झोकांडी मोठी. त्यात सहा फुटी चाक ताशी शंभर किलोमीटरला सेकंदाला जवळजवळ पाच फेरे घेते आणि चाकातल्या प्रतितोलाच्या वजनांमुळे प्रत्येक फेऱ्यात एकदा रुळावर घण बसतो. पावसाळ्यात नरम झालेल्या भरावावरचा रूळ हे कुठवर सोसणार? तो नागमोडी होतो, आणि पुढच्या इंजिनाला झोकांडी खायला आयतेच निमित्त मिळते.

ब्रिटनचे मुख्य रेल्वे निरीक्षक कर्नल ॲलन माउंट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तीत नामवंत इंजिनियर विल्यम स्टॅनियर होते. १९३८-३९ च्या हिवाळ्यात ही मंडळी हिंदुस्थानात येऊन गेली. त्यांनी इंजिनाला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही, की रुळालाही नाही. दोघांच्या जोडीला केले. पुढच्या-मागच्या गाड्यांची आडवी पकड घट्ट करा आणि वाट सुधारा, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. मला या निकालात एक गोष्ट बोचते. ही पकड किती हवी हे इंजिनांची मोठी मागणी नोंदवण्याआधी दोन-चार इंजिने पळवून ठरवता आले असते. बिहट्याच्या प्रवाशांनी ती परीक्षा आपल्या प्राणांनी दिली.

नंतरचे धडे शहाणपणाचे होते. १९४७ साली अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून ‘डब्ल्यू-पी’ जातीची सोळा इंजिने आधी नमुना म्हणून आणली गेली, आणि मग शेकड्यांनी बांधली. बंदुकीच्या गोळीसारखे नाक आणि त्यावर तारा, ते हेच. सुमारे शंभर टनांच्या या इंजिनात ओढणाऱ्या तीन आसांवर साडेअठरा टन प्रत्येकी, म्हणजे पंचावन्न टन. त्याचा चौथा हिस्सा काढा; जवळजवळ चौदा टन येतो, आणि त्याची कमाल ओढही तेवढीच होती. कुणी तरी हिशोब नेमका केला होता.

तरीही आपल्यातल्या ज्येष्ठांना एक आवाज आठवत असेल. पावसाळी रात्र, गाडी स्टेशनातून हलते, छुक्... छुक्... आणि एकाएकी छुक्छुक्छुक्छुक्! चाके जागच्या जागी गरगरतात, ड्रायव्हर वाफ कमी करतो, नळीतून चाकांपुढे वाळू सोडतो आणि पुन्हा सावकाश सुरुवात करतो. मुले टाळ्या पिटत. त्यातही भाराचेच कारण होते. मागे जड गाडी ओढायला लागले की इंजिनाचे ओझे थोडे मागे सरकते, ओढणाऱ्या चाकांवरून उतरून शेवटच्या, नुसता भार वाहणाऱ्या चाकांवर जाते. बैलगाडी उलाळ झाली की जोखड हलके होऊन वर उचलले जाते, तसेच. नेमक्या गरजेच्या वेळी पायातले बळ जाते!

त्या सोळांपैकी ‘आझाद’ नावाचे एक इंजिन हरियाणातल्या रेवाडीच्या शेडने जपले आहे. मुलांना घेऊन गेलात तर ती ताऱ्यापाशी उभी राहून फोटो काढतील. तुम्ही मात्र थोडे वाकून मोठ्या चाकांच्या आड पाहा. तेल-काजळीने माखलेले पाटे दिसतील. इंजिनाच्या अंगाचे सारे ओझे तिथून चाकांवर उतरते.