यंत्र सुधारले, अंतर कोण कमी करणार?



कपाशीला मर लागली की खोड चिरल्यावरच आतल्या काळवंडलेल्या नळ्या दिसतात. हृदयाचेही तसेच. छातीच्या साध्या एक्स-रेत हृदयाचा आकार दिसतो, रक्तवाहिनीतला अडथळा दिसत नाही. त्यासाठी बारीक नळीने डाय सोडून एक्स-रेचे हलते चित्र घेतात, ती अँजिओग्राफी. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला डॉ. मेसन सोन्स यांनी ही वाट खुली केली. पुढे फिल्म गेली, डिजिटल पॅनेल आले. कमी किरणांत चित्र स्वच्छ झाले. या विज्ञानाचे स्वागतच आहे.

पण वाहिनी बंद पडली की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरतो. यंत्र शहरात आणि रोगी शिवारात, मग सुधारणा कोणाच्या कामाची? २०१७ साली सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. वाटेत जाणाऱ्या वेळेला मर्यादा कोण घालणार?

तालुक्याला चोवीस तास ईसीजी आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन हवे. जिल्ह्याला अँजिओग्राफीचे चालू यंत्र आणि ते चालवणारा डॉक्टर हवा. कर आपणही भरतो. ही भीक नव्हे, हक्क आहे. जिल्हा बैठकीत हा ठराव घ्या.