रुग्णाची भूमिका

१९६३ साली लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी चित्रकारांची मॉडेल असलेल्या एका स्त्रीला मल्टिपल स्क्लेरोसिसची रुग्ण ‘व्हायला’ शिकवले. पाय लुळे पाडायचे, आणि विद्यार्थी तपासून गेला की तो कसा वागला याची नोंदही तिनेच करायची. वैद्यकविद्येत हॉलिवूडचा तमाशा कशाला, म्हणून अनेकांनी नाके मुरडली. तरी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात डॉक्टरांच्या परवाना परीक्षेत असे रुग्ण आले. अमेरिकेत ते २००४पासून २०२०पर्यंत होते.

असा रुग्ण वठवणाऱ्या नटाला संहिता मिळते: वय, धंदा, दुखणे कधीपासून, आणि नेमके विचारल्याशिवाय काय सांगायचे नाही. पोटदुखी घेऊन आलेली बाई नवऱ्याच्या मारहाणीचा विषय आपणहून काढत नाही. न सांगता गार हात पोटावर ठेवला, की ती अंग चोरते आणि नंतर तक्त्यावर तसे नोंदवते. विसाव्या विद्यार्थ्यासमोरही कळ त्याच जागी, तितकीच उठली पाहिजे. रंगभूमीवरच्या उत्स्फूर्ततेला इथे फारसा वाव नाही. हृदयातली मर्मर किंवा वाढलेले यकृत मात्र कोणत्याही नटाला वठवता येत नाही. त्यासाठी खरा रुग्ण किंवा यांत्रिक पुतळा कामी येतो.