पाने लावणाऱ्यांची शाळा

पाम हे बोईसर-तारापूरच्या कारखानदारी पट्ट्यातले गाव. इथल्या कुणाला लग्नपत्रिका, शाळेचा अहवाल किंवा महाविद्यालयाचे वार्षिक छापायचे असले, की पावले बोईसरच्या नाहीतर पालघरच्या एखाद्या डीटीपीच्या दुकानाकडे वळतात. एका वार्षिकाच्या निमित्ताने आम्हीही अशा दुकानात काही संध्याकाळी काढल्या. विद्यार्थ्यांनी मजकूर मोबाइलवर, म्हणजे युनिकोडमध्ये, टंकलेला होता. दुकानातली पाने मात्र पेजमेकरमध्ये, जुन्या फाँटात लागत होती. मजकूर एका परिवर्तकातून काढावा लागला. प्रुफे हाती आली तेव्हा जव्हारच्या डोंगरांवरील लेखात जिथे जिथे 'दऱ्या' होत्या, तिथे तिथे 'दर्या' उसळत होता.

आम्ही हसलो, आणि मग अस्वस्थ झालो. समुद्र आणि डोंगर या दोहोंच्या मध्ये वसलेल्या जिल्ह्यात हा फरक क्षुल्लक नाही.

दोष ऑपरेटरचा नव्हता. जुन्या फाँटांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जात: 'कि' लिहिताना वेलांटी आधी, क नंतर, रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्याही नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. त्यामुळे परिवर्तन म्हणजे नुसती चिन्हांची अदलाबदल नव्हे, क्रमाची पुनर्मांडणी आहे. त्यात 'दऱ्या'मधला आडवा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एक 'ऱ'चा पाय मोडून, दुसरा साध्या र्‍ला अदृश्य जोडचिन्ह लावून. परिवर्तकाला हे ठाऊक नसेल तर तो सरळ रफार देऊन मोकळा होतो. एवढी गोष्ट एका पानात मराठीत समजावून सांगता येते. ती त्या ऑपरेटरला कुणी सांगितली नव्हती. तो आपली विद्या आधीच्या ऑपरेटरच्या शेजारी बसून शिकला होता, आणि तो आधीचाही तसाच.

आमचे म्हणणे असे, की पाने लावण्याचे शिक्षण मराठीतून उपलब्ध नसणे हा तांत्रिक नव्हे, वाङ्मयीन प्रश्न आहे.

साधने नाहीत, असे नाही. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ची. तिला युनिकोड कळत नाही. तिच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची रीतसर सोय २०१२च्या सीएस-सहा आवृत्तीपासून आहे. पण त्यासाठी परिच्छेदाच्या पटलात 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडावा लागतो. तो न निवडल्यास वेलांट्या भलतीकडे जातात, जोडाक्षरांचे पाय मोडतात; आणि 'इनडिझाइनमध्ये मराठी चालत नाही' असा निष्कर्ष काढून माणूस पेजमेकरकडे परततो. स्क्रायबस हे पानमांडणीचे मुक्त आणि विनामूल्य साधन. २०२४च्या जानेवारीत आलेल्या त्याच्या १.६ आवृत्तीत देवनागरी नीट जुळते. शासनाने २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण मानला. ज्या फाँटांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे भरलेली असतात, तिथे मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवली की योग्य वळण आपोआप उमटते. हे सारे कळीचे, आणि सारे इंग्रजी पुस्तिकांत विखुरलेले.

ही उणीव जुनीच आहे. बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्राक्षरांचा जो त्रिखंडी अभ्यास सिद्ध केला आणि १९७१ साली भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला, तोसुद्धा इंग्रजीत, 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' या नावाने. खिळे जुळवणाऱ्या कामगाराच्या हाती तो कितपत गेला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

यावर एक आक्षेप संभवतो: साहित्याच्या विद्यार्थ्याने संहिता वाचावी, पाने लावणे हा कारागिराचा धर्म. आम्हांला हे विभाजन मान्य नाही. आपण मुद्रितशोधन शिकवतो ते कशासाठी? संहिता वाचकापर्यंत शुद्ध पोचावी म्हणूनच ना? मग आजची संहिता जिथे बिघडते ते ठिकाण आपण अभ्यासाबाहेर कसे ठेवणार? पाठचिकित्सेच्या तासाला आपण हस्तलिखितांच्या नकलकारांचे प्रमाद सांगतो. परिवर्तक हा आजचा नकलकार आहे; तो थकत नाही, पण एकच चूक हजार वेळा बिनचूक करतो.

दुसरा धोका जोडसाधनांचा. शुद्धलेखन तपासणारी पूरक आज्ञावली प्रमाण मराठीचा कोश घेऊन बसते. वाडवळी किंवा वारली बोलीतली कथा तिच्यासमोर ठेवा; पान तांबड्या रेघांनी भरून जाईल. ऑपरेटर सद्भावनेने त्या 'चुका' दुरुस्त करतो आणि बोली छापखान्याच्या उंबरठ्यावरच प्रमाण होते. साधन कुठे वापरायचे याइतकेच कुठे बंद ठेवायचे, हे शिकवणे म्हणूनच अगत्याचे.

मराठी विभागांनी तीन गोष्टी कराव्यात, असे आम्हांला वाटते. एक, वरच्यासारख्या अडचणींची पंचवीस-तीस पानांची मराठी पुस्तिका तयार करून परिसरातल्या दुकानांत विनामूल्य द्यावी. तीत ऑपरेटरांचेही अनुभव असावेत, कारण पुष्कळ युक्त्या त्यांनाच ठाऊक असतात. दोन, वार्षिकाचा एक तयार साचा स्क्रायबसमध्ये करून ठेवावा आणि दरवर्षी विद्यार्थ्यांनीच त्यात पाने लावावीत. तीन, अंतिम प्रुफानंतरचा मजकूर युनिकोडमध्ये ग्रंथालयाकडे ठेवावा. जुन्या फाँटातली फाइल तो फाँट हरवला की नुसती निरर्थक चिन्हे होऊन उरते, हे ज्यांनी दहा वर्षांपूर्वीचा अंक उघडून पाहिला आहे त्यांना सांगायला नको.

त्या वार्षिकातल्या दऱ्या आम्ही आणि तो ऑपरेटर, दोघांनी मिळून, एकेक करून दुरुस्त केल्या. काम संपल्यावर त्याने विचारले, "सर, हे कुठे लिहिलेले मिळेल का?" आमच्यापाशी देण्यासारखे मराठीत काही नव्हते. ते असायला हवे होते, आणि ते लिहिण्याची जबाबदारी त्याची नाही, आपली आहे.